भोये सिस्टरची किल्ली

भोये सिस्टरनी अंबाड्यातला आकडा उपसला की समजावं, आता काहीतरी उघडलं जाणार. मिक्सर असो, विजेरी असो, शाळेची विजेवरची घंटा असो, बंद पडलेली वस्तू त्यांना नुसती बघवत नसे. एका हातानं आकडा काढायचा, दुसऱ्या हातानं मोकळे झालेले केस मानेवर गुंडाळायचे आणि नव्या बाळंतिणीकडे बघावं तसं त्या वस्तूकडे बघायचं. तिला घाबरवायचं नाही आणि सोडायचंही नाही. मग आकड्याचं ठोकून चपटं केलेलं टोक कुठल्या तरी फटीत शिरे, टक्कन आवाज होई आणि बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुके. सिस्टरचा चुकत नसे.

माझा तर हमखास चुके. मी मूळची संगमनेरची. आमच्या घराण्यात वस्तू उघडायची चालच नाही. टीव्हीचा रिमोट दुकानातून आला तसा प्लास्टिकच्या पिशवीत गेला आणि म्हातारा होऊन त्याच पिशवीत वारला. काही बिघडलं की वडील ती वस्तू दोन्ही हातांत धरून, जत्रेतल्या देवासारखी मिरवत दुरुस्तीवाल्याकडे नेत. "आपल्याला त्यातलं काय कळतंय" हे आमच्या घरचं सुभाषित. अशा घरातली मी खोडाळ्याच्या शाळेत बदलून आले, तीही ऐन पावसाळ्यात, आणि भाड्यानं खोली मिळाली ती नेमकी सिस्टरच्या शेजारची.

पहिल्याच आठवड्यात वीज गेली ती गेलीच. मोठ्या भरवशानं आणलेला चार्जिंगचा दिवा पेटेना. आता हा नाशिकला दुरुस्तीला न्यावा लागणार म्हणून मी तो परत खोक्यात भरत होते, तेवढ्यात दारात एक ठेंगणी, सावळी, लुगडं वर खोचलेली बाई येऊन उभी राहिली. केस पिकलेले, पण दात एकूणएक शाबूत. "मॅडम, कुठं नेतेस त्याला?" असं विचारून त्यांनी माझ्या हातातून दिवा घेतला आणि एक ताट मागितलं. मला वाटलं, काही खायला आणलं असावं. पण ताटात एकेक स्क्रू जाऊन बसायला लागला, ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं, कडेकडेनं. दिव्याचं झाकण निघालं, सिस्टरनी आत डोकावून पाहिलं आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं मला बातमी दिली, "आत मुंग्या बाळंत झाल्यात."

मुंग्यांची पांढरी अंडी त्यांनी कागदावर झाडून घेतली आणि बाहेर कौलाखाली कोरड्या जागी नेऊन ठेवली. मग तारेचं सुटलेलं टोक जागेवर बसवलं आणि ताटातले स्क्रू उलट्या क्रमानं लावले. मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते पुढे मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं. "मानसानंच बसवलंय ना? मग मानसाला काढता यील. फक्त गेल्या वाटंनं माघारी यायचं. आडवाट घेतली की डोंगरात काय नि मशिनीत काय, मानूस चुकतंच." दिवा लागला. सिस्टर ताट धुवायला सांगून निघून गेल्या.

'मॅडम' आणि 'तू' एकाच वाक्यात नांदताना मी तोवर ऐकलं नव्हतं. संगमनेरला कुणी असं बोललं असतं तर मी मनातल्या मनात त्याचे गुण कापले असते. पुढे कळलं की सिस्टरच्या घरच्या बोलीत साहेबालाही तू आणि देवालाही तूच. मराठी त्या शाळेत शिकल्या, नोकरीत वापरली, पण आपलं 'तू' काही त्यांनी सोडलं नाही. महिनाभरात मला कुणी 'तुम्ही' म्हटलं की परकं वाटायला लागलं.

त्यांचं नाव जानकी, पण ते नाव घेणारं जगात एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्यांची थोरली बहीण. पोशेऱ्याकडचं शेतकरी कुटुंब, डोंगराच्या उतारावर थोडा भात, थोडी नागली, म्हणजे आपली नाचणी. आई लवकर गेली. बाय, म्हणजे ही थोरली बहीण, तिनं लोकांच्या शेतात लावणी करून धाकटीला आश्रमशाळेत ठेवलं, मग नर्सच्या शिक्षणाला पाठवलं. बाय स्वतः कधी शाळेच्या पायरीवर चढली नाही. ती लग्न होऊन सूर्यमाळला गेली, तिथंच विधवा झाली आणि आता डोळ्यांनी अधू होऊन तिथंच बसली होती. तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. खोडाळ्याला येऊन राहा म्हटलं तर म्हणायची, इथली पायवाट माझ्या पायांना पाठ आहे, तुझ्या घरात मी भिंतीवर आपटेन.

सिस्टरची सगळी नोकरी पाड्यापाड्यांवर झाली. लशींचा डबा खांद्याला लावून डोंगर चढायचे, ओढे ओलांडायचे, कुडाच्या घरात कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं करायची. आता पंचविशी-तिशीत असलेली किती तरी माणसं रस्त्यात भेटली की सिस्टर त्यांच्याकडे बघून सांगत, हा पायाळू होता, हिनं आईला दोन दिवस छळलं. भरल्या बाजारात, त्या माणसाच्या बायकोसमोर. तो बिचारा खाली बघून भाजीची पिशवी चाचपत राही.

गाडी त्यांच्याकडे आली ती खरं तर विकायला. संदीप हा त्यांचा एकुलता एक मुलगा, ठाण्यात इंजिनिअर. नवरा तरुणपणीच गेल्यामुळे सिस्टरनी त्याला वसतिगृहात ठेवून शिकवलं होतं. त्यानं नवी गाडी घेतली आणि जुनीला गिऱ्हाईक मिळेपर्यंत ती आईच्या अंगणात लावून गेला. गिऱ्हाईक मिळायच्या आत सिस्टर जव्हारला जाऊन गाडी शिकून आल्या, परवानासुद्धा काढून आल्या. निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. संदीप हसला आणि म्हणाला, ठेव मग तुलाच. लोकांनी विचारलं, या वयात हे काय काढलं? सिस्टर सांगत, "पायांनी लय चाकरी केली माझी. आता त्यांना बसवून फिरवते."

त्या गाडीतून कोण कोण फिरलं याची मोजदाद नाही. बाजाराच्या दिवशी कोंबड्या फिरल्या, जव्हारच्या दवाखान्यात जाणाऱ्या बाया फिरल्या, एकदा शाळेचं कपाट अर्धं बाहेर लोंबत फिरलं. पण दर रविवारी गाडी कुणाला मिळत नसे. रविवारी सकाळी सिस्टर सूर्यमाळला जात. बायला ऊन पाण्यानं न्हाऊ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची, आठवड्याचा शिधा तिच्या शेजारणीच्या हवाली करायचा आणि दुपार कलल्यावर परत. तिकडे जाणारी एसटी होती, पण तिची वेळ एसटीला स्वतःलाही ठाऊक नसावी. मीही अधूनमधून बरोबर जाई. दोघी बहिणी फारसं बोलत नसत. एक डोकं पुढे करून बसे आणि दुसरी फणी फिरवत राही.

ही गाडी किल्ली फिरवून सुरू होणारी नव्हती. किल्ली म्हणजे एक काळी, गुळगुळीत, बिस्किटाएवढी डबी. ती जवळ असली की गाडीला मालक ओळखू येतो, मग बटण दाबायचं. दोनपैकी एक डबी संदीपच्या हातून कधीच हरवली होती, उरलेली एक सिस्टरच्या कमरेच्या पिशवीत. तर त्या पावसाळ्यात एका रविवारी सूर्यमाळला ही डबी मेली. पाड्यावर गाडीला कुलूप लावायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे सिस्टर आत बसून बटण दाबताहेत, आणि किल्ली सापडत नाही असं गाडी त्यांना सांगते आहे. किल्ली हातात असताना. त्या पाड्यावर फोनला रेंज नाही. सिस्टरनी काय केलं, तर बायच्या शेजारी घोंगडी पसरली आणि झोपल्या. इकडे ठाण्यात संदीप संध्याकाळपासून आईला फोन लावत होता. शेवटी त्यानं मला लावला.

सकाळी सिस्टर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, अंगाला चुलीच्या धुराचा वास घेऊन, प्रसन्न चेहऱ्यानं हजर. गाडीच्या कप्प्यातलं माहितीपुस्तक त्यांनी बगलेत मारून आणलं होतं. ते होतं इंग्रजीत. मी वाचायचं आणि त्यांनी डबी हातात धरून पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघायचं, अशी आमची शाळा भरली. त्यातून कळलं ते असं, की डबीच्या बाजूला एक खिट्टी असते, ती सरकवली की आतून साधी पात्याची किल्ली निघते. तिनं दार उघडतं. आणि आतला सेल संपला असला तरी डबी त्या बटणाला टेकवून बटण दाबलं की गाडी सुरू होते. एवढं साधं होतं. सिस्टर पुस्तकाकडे बघून म्हणाल्या, हे त्यांनी गाडीच्या दारावर मराठीत लिहायला काय झालं होतं?

त्याच युक्तीनं त्यांनी सूर्यमाळहून गाडी घरी आणली. सेल त्यांनी स्वतः बदलला. पात्याची किल्ली काढली की तिच्या जागी एक खाच दिसते, त्या खाचेत नाणं घालून हलकेच पिळलं, डबी शिंपल्यासारखी उघडली. आत बटणासारखा चपटा सेल. तो पुडीत बांधून त्या जव्हारला घड्याळाच्या दुकानात घेऊन गेल्या, कारण पेशंट बघितल्याशिवाय औषध द्यायचं नाही हा त्यांचा नियम. त्याच आकड्याचा सेल आणला, कापसानं पुसून, अधिकची खूण होती त्याच बाजूला ठेवून बसवला, डबी दाबून बंद केली. अंगणातल्या गाडीनं दिवे मिचकावले. सिस्टरनी आकडा परत अंबाड्यात खोचला. मला वाटलं, संपली गोष्ट.

आठवड्यात सेल मेला. सिस्टरनी दुकानदाराला दोष देऊन दुसरा आणला. तो तर त्याहून लवकर मेला, आणि मेला तो भर बाजारात. सिस्टरनी पात्यानं दार उघडलं तसा गाडीचा भोंगा केकाटायला लागला. गाडीच्या मते चोर शिरला होता. खोडाळ्याचा अख्खा बाजार, मिरच्यावाल्या, सुकी मासळीवाल्या, बांगडीवाला, सगळे भोवती जमले. सिस्टर बॉनेटवर हात ठेवून शांत उभ्या. "रडू दे. सुई टोचल्यावर पोर रडतंच. दमलं की गप बसंल." मग आत बसून डबी बटणाला टेकवली आणि गाडी घेऊन घरी आल्या. बाजार आठवडाभर हसत होता, त्याही हसल्या.

पण तिसरा सेलही गेला तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्या संध्याकाळी माझ्याकडे आल्या, चहा नको म्हणाल्या, आणि दोन्ही हात माझ्यासमोर पालथे धरले. "बघ गं, थरथरतात का?" मी बघितलं. थरथरत नव्हते. मी तसं सांगितलं तरी त्यांचं समाधान होईना. सेल बसवताना आपलंच काहीतरी चुकतंय, एखादी पत्री वाकवली असेल, बोट जड पडत असेल. "या हातांनी किती नाळा कापल्या. आता एक सेल बसंना. हात गेला का माझा?" मी त्यांचे हात धरून बसले. ज्या बाईला कुठलीही वस्तू उघडायची भीती नव्हती, तिला स्वतःच्या बोटांची भीती वाटायला लागली होती, आणि ते बघून मला रडू येत होतं.

संदीपचा त्याच रात्री फोन आला. किल्लीतलंच काही जळलं असणार, नवी करून घेण्यापेक्षा गाडी काढून टाकू, मी रविवारी येऊन घेऊन जातो. तूही चल इकडे, असंही. सिस्टरनी मला एवढंच सांगितलं की रविवारी पोरगा येतोय, गाडी न्यायला. आणि गाडी गेली म्हणजे सूर्यमाळ गेलं, हे आम्हा दोघींना सांगायची गरज नव्हती. पुढे माझी बदली झाली, मी परत संगमनेरकडे आले, पण सिस्टरची आठवण निघाली की मला दिवा आठवत नाही, भोंगाही आठवत नाही, तो रविवार आठवतो.

रविवारी धुकं एवढं होतं की अंगणातली गाडी दारातून दिसत नव्हती. संदीप पहाटेच निघून आला होता. उंच, आईसारखाच सावळा, बोलायला मऊ. चहा पिता पिता त्यानं डबी हातात घेतली, जाताना गाडी सुरू करायची म्हणून नवा सेल तो घेऊनच आला होता. खिट्टी सरकवून त्यानं पातं ओढलं, आणि त्याच्या तळहातावर दोन तांबूस दाणे पडले, मोहरीएवढे. त्यानं ते निरखून बघितले.

"आई, हे काय?"

"नागली," सिस्टर म्हणाल्या.

नागली आहे ते त्यालाही दिसत होतं, ती किल्लीत कशी आली ते त्याला हवं होतं. सिस्टरनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. तिथं पत्र्याचा मोठा डबा होता, नागलीनं भरलेला. त्या भागात पावसाळा म्हणजे भिंतीला घाम आणि मिठाला पाणी. ज्याला ओल लागू द्यायची नाही ते सगळं धान्यात पुरून ठेवायचं, ही तिथली जुनी रीत. सिस्टरच्या आईच्या चांदीच्या वाळ्या नागलीत असत, नोकरीत असताना सिस्टरचा थर्मामीटर नागलीत असे, काड्यापेटी तर रोजच. मग एवढी नाजूक किल्ली बाहेर ओलीत ठेवतील कशी? रोज रात्री ती नागलीच्या डब्यात खोल पुरलेली असे. मी ते कितीदा बघितलं होतं आणि मलाही कधी काही खटकलं नव्हतं. संदीप म्हणाला, त्याचं कंपासपेटीतलं घड्याळ तर सुट्टीभर त्याच डब्यात असायचं. आणि तो हसायला लागला.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी आकडा उपसला. किती तरी दिवसांनी मी तो उपसताना बघत होते. "ताट आन," मला म्हणाल्या. डबी उघडली, सेल काढला आणि या वेळी तिथं थांबल्या नाहीत. सेलाच्या खाली एक प्लास्टिकची चौकट होती, ती टोकानं उचलली. तिच्याखाली हिरवी पट्टी, तिच्याखाली रबराची पातळ चादर. संदीप मोबाईलचा उजेड धरून वाकला होता. कुलपाच्या बटणाचं रबर कडेला चिरलेलं होतं, संदीपच्याच अंगठ्यानं वर्षानुवर्षं झिजलेलं. त्या चिरेतून एक दाणा आत जाऊन बरोबर बटणाखाली बसला होता आणि ओलीनं फुगला होता. एका अंगाला बारीक पांढरं टोकही फुटलं होतं. म्हणजे बटण दिवसरात्र दाबलेलंच. किल्ली बिचारी नागलीच्या डब्यात पडल्या पडल्या रात्रभर गाडीला सांगत होती, कुलूप लाव, कुलूप लाव. सेल टिकणार कुठून?

सिस्टरनी तो दाणा आकड्याच्या टोकावर घेतला. "मी अर्ध्यावरच थांबत व्हते," त्या म्हणाल्या. "अर्धं उघडलेलं नि अर्धं शिजलेलं, दोन्ही बाधतं." मग दाण्याला फुटलेल्या मोडाकडे बघून पुढे म्हणाल्या, अजून चार दिवस ठेवलं असतं तर सत्त्व काढता आलं असतं. आता मात्र त्याही हसल्या. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून त्यांनी सगळं पुसलं, वाळू दिलं, चिरलेल्या रबरावर आतून चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि ताटातल्या वस्तू उलट्या क्रमानं उचलत डबी बंद केली. बटण दाबलं. धुक्यात कुठंतरी पिवळे दिवे मिचकले. सिस्टरनी आपले हात उलटेसुलटे करून बघितले आणि कुणालाही न सांगता, नुसतं स्वतःला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "हाय हात माझा." मला इतका आनंद झाला की मी उगाच उठून परत चहा टाकला.

मला वाटलं, प्रश्न मिटला. किल्ली बरी झाली म्हणजे गाडी राहिली. पण चहा झाल्यावर संदीपनं कप खाली ठेवला आणि सांगितलं की गाडी तरीही नेणार. किल्लीचं निमित्त होतं. सिस्टर म्हणाल्या, मला चालवता येत नाही का? तो म्हणाला, येते. मग काय? तो कपाच्या कानाशी चाळा करत बोलायला लागला.

"लहानपणी मी वसतिगृहाच्या पायरीवर बसून तुझी वाट बघायचो, आई. तू येणार म्हणून सांगायचीस आणि कुठल्या तरी पाड्यावर अडकायचीस. ओढ्याला पाणी आलंय की आणखी काही झालंय, मला कोण सांगणार? त्या रात्री फोन लागेना तेव्हा मी परत त्याच पायरीवर जाऊन बसलो. मला ते पुन्हा नको."

पोरगा खोटं बोलत नव्हता, आणि त्याच्या भीतीत मायेशिवाय दुसरं काही नव्हतं. सिस्टर उठल्या, ओट्यावर जाऊन पावसाकडे बघत उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा किल्ली त्याच्यासमोर ठेवली. "ने गाडी. पन मी आता येनार नाय, हे बायला मी सांगनार नाय. चल सूर्यमाळला. तूच सांग तिला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, मॅडम, तूही चल, साक्षीला.

गाडी संदीप चालवत होता. सिस्टर त्याच्या शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. मी मागे. घाटात धुकं जरा पातळ झालं, उतारांवर नागलीची हिरवी रोपं ओळीनं दिसायला लागली. संदीपचा हात गाडीवर चांगला बसलेला होता, त्यानं एकाही वळणावर वेग मोडला नाही. पाड्याच्या टोकाशी, बायच्या घरासमोर गाडी थांबली. तो दार उघडून उतरतो न उतरतो तोच ओट्यावरची म्हातारी खांबाला धरून उठली आणि आंधळ्या डोळ्यांनी आमच्या दिशेला बघत ओरडली, "कोन हाय? जानकी कुठं हाय? काय झालंय तिला?"

संदीप जागच्या जागी थांबला. म्हणाला, मावशी, मी संदीप, आई आहे ना, गाडीतच आहे. म्हातारीचा विश्वास बसेना. सिस्टरनी चिखलातून धावत जाऊन तिचा हात धरला, तेव्हा तिनं त्या हातावरून, मनगटावरून, बांगड्यांवरून आपला हात फिरवला आणि मग मटकन खाली बसली. धाप ओसरल्यावर तिनं संदीपला सांगितलं ते मी कधी विसरणार नाही.

"ती येते तवा गाडी त्या जांभळाच्या वळनावर थांबते. जरा दम खाते, मंग वर येते. आज थांबली नाय. मला वाटलं, गेली माझी जानकी, नि कोनी सांगाया आलाय."

सिस्टरनी नेहमीप्रमाणे पाणी तापवलं, बायला न्हाऊ घातलं, फणी काढली. संदीप ओट्याच्या कडेला बसून होता. सिस्टर केसांची गुंत सोडवत होत्या, मधून एकदा त्यांनी त्याच्याकडे बघितलं, पण सांग म्हटलं नाही. म्हातारीनं चाचपत त्याचा चेहरा शोधला, कान ओढला, लहानपणी इतकेच मोठे होते म्हणाली. मग विचारलं, पुढच्या रविवारी तूही येशील का? संदीप म्हणाला, "मी महिन्यातनं एकदा येईन, मावशी. बाकीच्या रविवारी आईच येईल." सिस्टरची फणी जराशी थांबली आणि परत चालायला लागली. निघताना पाड्यामागच्या टेकाडावर, जिथं रेंज येते तिथं, जाऊन त्याला एक मिस्ड कॉल द्यायचा, एवढं मात्र त्यानं आईकडून कबूल करून घेतलं. सिस्टर म्हणाल्या, दीन कॉल. तेवढं चढायला पाय हायत अजून.

दुपार कलल्यावर आम्ही निघालो. संदीपनं किल्ली आईच्या हातात दिली आणि डाव्या बाजूला जाऊन, पट्टा लावून, शहाण्यासारखा बसला. सिस्टरनी गाडी हळूहळू खाली आणली आणि जांभळाच्या वळणावर उभी केली. उतारावर दम खायचं गाडीला काही कारण नव्हतं. संदीपनं का थांबलो म्हणून विचारलं नाही. वर ओट्यावर बाय ऐकत बसली असणार, हे त्यालाही कळत होतं.